आठ वर्षांचा लाल बोल्ट

मशीनच्या मागच्या कपाटात हात घातला आणि बोटांना बोल्ट लागला. टॉर्च मारली. अंगठ्याएवढा जाड, लाल रंगाचा. कारखान्यातून आला तसाच. पान्याचा एक ओरखडा नाही. मी गुडघ्यावर होतो तसाच बसून राहिलो.

"काय झालं विलासभाऊ? पाल-बिल हाय का आतमधी?" लॅब असिस्टंट बंडूभाऊंनी लांबूनच विचारलं.

"पाल नाही," मी म्हणालो. "पालीपेक्षा जुनं काहीतरी हाय."

आधी मशीन काय ते सांगतो. त्याला यूटीएम म्हणतात. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पोरांना लोखंड किती ताण सहन करतं हे शिकावं लागतं. सळई दोन जबड्यांत पकडायची आणि तुटेपर्यंत ताणायची. समोरच्या डायलवरचा काटा किती जोर लागला ते सांगतो. त्या काट्याला हलवतो मागच्या कपाटातला एक जड लंबक. मशीन ट्रकमधून येताना लंबक हिंदकळून मोडू नये म्हणून कारखाना तो एका बोल्टने जखडून पाठवतो. बसवणाऱ्याच्या डोळ्यांत खुपावा म्हणून बोल्ट लाल असतो. मशीन जागेवर आलं की पहिलं काम तो काढण्याचं. नाही काढला तरी मोटर चालते, आवाज येतो, सळईसुद्धा तुटते. काटा मात्र शून्यावरून हलत नाही.

या लॅबमध्ये हे मशीन आठ वर्षांपासून उभं होतं.

माझं वर्कशॉप यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. एक शेड, दोन कारागीर. कॉलेजांच्या लॅबमधली मशीनं दुरुस्त करणं आणि कॅलिब्रेट करणं हा माझा धंदा. कॅलिब्रेशन म्हणजे किराणा दुकानातला वजनकाटा खरं सांगतो का, ते तपासण्यासारखं. तीन दिवसांनी कॉलेजची मान्यता तपासणारी कमिटी येणार होती. कमिटीला कॅलिब्रेशनचा ताजा रिपोर्ट लागतो. म्हणून मला बोलावलं होतं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. मोठं कॉलेज म्हणतो. आमच्या भागात लग्न जमवताना पोराच्या नावाआधी त्या कॉलेजचं नाव सांगतात. गेट इतकं मोठं की आमचा अर्धा बंजारा तांडा त्याच्या सावलीत बसेल.

"बंडूभाऊ, पोट्टे यावर प्रॅक्टिकल करतात का?"

"करतात ना. दर वर्षी करतात."

"काटा हलते?"

बंडूभाऊ हसले. "काट्याकडं कायले पाह्यचं? रीडिंग वहीत हायेच की."

त्यांनी कपाटातून ती वही काढून दिली. कव्हर तेलकट, कोपरे मऊ झालेले. कोण्या हुशार पोराने पहिल्या वर्षी लिहिलेलं जर्नल. तेव्हापासून प्रत्येक बॅच त्यातूनच उतरवत आली होती. शेजारी जुन्या जर्नलांचे गठ्ठे होते. मी एकेक उघडलं. बारा एमएमची सळई, तुटण्याचा भार ५१.६ किलोन्यूटन. पुढचं जर्नल, ५१.६. त्याच्या पुढचं, ५१.६. एका पोरीने घाईत ५१.९ लिहिलं होतं. सरांनी तिथे लाल शाईने गोल काढून ५१.६ केलं होतं.

हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता. मशीनच्या मॅन्युअलची पाने उलटली. शेवटून दुसऱ्या पानावर, 'उदाहरणादाखल तक्ता' या मथळ्याखाली, ५१.६.

आठ वर्षांतली सगळी पोरं मशीनच्या मॅन्युअलमधल्या एका छापील पानावरून इंजिनिअर झाली होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी तिथल्याच स्टुलावर बसून घेतलं. त्याचं कारण त्या डिपार्टमेंटच्या दारावरच्या पाटीवर होतं. विभागप्रमुख, सुधीर सर.

सुधीर आणि मी आर्णीच्या शाळेत एका बाकावर होतो. मी तांड्यावरून सायकलने यायचो, तो समोरच्या बंगल्यातून चालत. बारावीला मार्क माझे जास्त पडले. या मोठ्या कॉलेजच्या खिडकीवर मी फॉर्म घेऊन उभा होतो तेव्हा क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "यादी भरली." आठ दिवसांनी मॅनेजमेंट कोट्यातून सुधीर आत गेला. मी आयटीआयला गेलो, मग ही मशीनं विकणाऱ्या नागपूरच्या डीलरकडे पाने-पक्कड उचलायला, मग स्वतःची शेड. सुधीर तिथेच शिकला, तिथेच शिकवायला लागला, तिथेच प्रमुख झाला. मी त्याला सर म्हणतो. तो मला शिपायासमोर विल्या म्हणतो.

लोहारा आणि आर्णीच्या मधल्या रस्त्यावर त्याच्या सत्काराचं बॅनर लागलं की मी दुसऱ्या बाजूला पाहतो. तरी मजकूर वाचलेला असतो.

बंडूभाऊ सांगायला गेले आणि सुधीर आला.

"काय बे विल्या, झालं का?"

"सर, जरा हे पाह्यता का?" मी बोल्टवर टॉर्च मारली. मग मॅन्युअलचं पान आणि तीन जर्नलं टेबलावर ओळीने मांडली. बोललो काहीच नाही. सौद्यात पहिलं बोलणारा हरतो, हे मी कापसाच्या बाजारात लहानपणी शिकलो.

सुधीरने सगळं पाहिलं. बंडूभाऊंना चहा सांगायला पाठवलं. दार लोटलं.

"काय पाह्यजे तुले?"

"मले काय पाह्यजे? मी तर फक्त रिपोर्टमधी जे दिसलं ते लिहिणार. तुझे पोट्टे आठ वर्षं मशीनच्या मॅन्युअलमधून पास होऊन राह्यले सुधीर."

तो चिडला नाही. हा त्याचा गुण मला कधी जमला नाही. त्याने कपाट उघडलं, एक फाइल काढली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. इन्स्टॉलेशन रिपोर्ट. आठ वर्षांपूर्वीचा. 'मशीन बसवले. ट्रायल घेतली. सर्व ठीक.' खाली सही. माझी.

मशीन मी बसवलं होतं हे मी विसरलो नव्हतो. त्या डीलरकडे असताना विदर्भात अशी कितीतरी मशीनं बसवली. पण बोल्ट दिसल्यापासून माझ्या डोक्यात फक्त सुधीरची फजिती नाचत होती. बोल्ट काढायचा कोणी होता, हा साधा प्रश्न आलाच नाही.

आता सगळं आठवलं. त्या दिवशी लाइट गेली होती. मी दुपारभर थांबलो. सुधीरने सगळ्या स्टाफला चहा मागवला आणि मला म्हणाला, "विल्या, तू बाहेर टपरीवर घे." माझं डोकं फिरलं. लाइटची वाट न पाहता रिपोर्ट लिहिला, सही ठोकली, पाने-पक्कड पिशवीत टाकले आणि निघून आलो. एक सळई तोडून पाहिली असती तर दहा मिनिटं लागली असती.

"तू लिही रिपोर्ट," सुधीर म्हणाला. "मी पण हा कागद लावतो. दोघंही संगतच जाऊ."

मी कागद उलटा ठेवला. त्याने तो उचलून पुन्हा फाइलीत लावला.

"असं कर. बोल्ट काढ. कॅलिब्रेशनचा साधा रिपोर्ट दे. जुनं काही लिहू नको. मी तुले सगळ्या डिपार्टमेंटचं मेंटेनन्सचं काम देतो. पाच वर्षांचं."

हे काम मी सहा वर्षं मागत होतो. सौदा मी लगेच घेत नाही, सवय आहे. म्हणून म्हणालो, "आणखी एक. मले शिपायासमोर विल्या नाही म्हणायचं."

तो हसला. "बरं, विलासराव. आणि हो, यादीत नाव पाह्यलं मी. स्नेहल तुझीच ना? माझ्याच डिपार्टमेंटले येऊन राह्यली. पाह्यलं, शेवटी तुझ्या घरचं कोणी आलंच इथं."

स्नेहल माझी मुलगी. बारावी झाली, सिव्हिलच घ्यायचं हा तिचा हट्ट. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिला पर्याय म्हणून हे मोठं कॉलेज मीच भरायला लावलं होतं आणि पहिल्याच राउंडला ते लागलं होतं. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत फोनवर सीट स्वीकारायची होती. पहिला पर्याय लागून नाकारला तर पुढच्या राउंडमधून नाव बाद होतं. मग कॉलेजांत उरल्यासुरल्या जागा शोधत फिरायचं. माझ्या याडीने, म्हणजे आईने, तांड्यावर पेढेसुद्धा वाटले होते. ज्या खिडकीवरून मला परत पाठवलं, त्याच खिडकीतून माझी पोरगी आत जाणार, एवढंच मला दिसत होतं.

मी बोल्ट काढला. आठ वर्षांत आटे धरून बसलेला, पान्याला लांब पाइप लावावा लागला. मग सळई लावली आणि मोटर सुरू केली. काटा हलला. बंडूभाऊ चहाचे कप धरून उभेच राहिले. सळई तुटताना बंदुकीसारखा आवाज होतो. कॉरिडॉरमधून पोरं पळत आली. त्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. तुटलेला तुकडा सगळ्यांच्या हातून फिरला. गरम आहे, गरम आहे, असं एकमेकांना सांगत होते.

काटा ५४.२ वर थांबला होता.

एका पोरीने विचारलं, "सर, जर्नलमधी आता चोपन्न लिहायचं का?"

सुधीर म्हणाला, "एक्कावन्न पॉइंट सहाच राहू द्या. कमिटी सगळ्या वह्या सारख्या पाहते."

पोरगी बरं म्हणून गेली. मी बोल्ट खिशात टाकला, रिपोर्ट परवा देतो म्हणालो आणि निघालो.

संध्याकाळी स्नेहलने विचारलं, "पप्पा, आज तिकडंच गेलते ना? लॅब कशी हाय?"

"मोठी हाय."

"मोठी किती ते नाही विचारलं."

"एसी हाय! अजून काय पाह्यजे तुले?" मी ओरडलो. ती उठून आत गेली. बायको माझ्याकडे बघत राहिली. कापूस असो की मोटरची तार, हातात घेऊन ओढून पाहिल्याशिवाय मी विकत घेत नाही, हे तिला वीस वर्षांपासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्णीच्या पुढे, उमरखेडच्या बाजूला एका लहान कॉलेजात काम होतं. स्नेहल गाडीत येऊन बसली. मी नको म्हणालो नाही. वाटेत फोनवरून सीट स्वीकारता येईल, असा माझा हिशोब होता.

लहान कॉलेजला गेट नाही. दोन खांब आहेत, त्यातल्या एकाला सायकली टेकवलेल्या असतात. तिथलं यूटीएम बंद पडलेल्या एका कारखान्यातून घेतलेलं, तिसऱ्या हाताचं. रंग उडालेला. लॅब इंगोले मॅडमच्या ताब्यात आहे. या बाई दर महिन्याला मला फोन करून भांडतात.

"या भाऊ. तुमचा काटा पुन्हा कमी दाखवून राह्यला," त्यांनी दारातच सुरू केलं.

"मॅडम, तुम्हाले कसं कळते?"

"चार बॅचनं चाळीस सळया तोडल्या. सगळ्यांचं रीडिंग एकाच बाजूनं खाली येते. पोट्ट्यांचं चुकलं असतं तर वर-खाली झालं असतं." मग स्नेहलकडे वळल्या. "ही कोण?"

"माझी पोरगी. सिव्हिलले जाऊन राह्यली." कोणत्या कॉलेजात ते सांगायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच बाईंनी तिच्या हातात सळई दिली.

"तोड."

स्नेहलने जबड्यात सळई लावली. वाकडी लागली. मॅडमनी काढायला लावली. पुन्हा लावली. मोटर सुरू केली. धाड. ती दचकून मागे सरली आणि हसली. रीडिंग सांगितलं.

"बाजूनं काय पाह्यतं? काट्याच्या समोर उभी राहा. आता सांग."

दुसरं रीडिंग वेगळं आलं. मॅडमनी तिच्या हाताने वहीत दोन्ही रीडिंगं लिहायला लावली, चुकलेलंसुद्धा. "खोडायचं नाही," म्हणाल्या. "चुकलं तेही तुझंच हाय."

लॅबच्या मागे लोखंडी ड्रम होता. तुटलेल्या सळयांनी काठोकाठ भरलेला. मी तो दर वर्षी पाहत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून मला सुधीरच्या लॅबचा कोपरा आठवला. तिथे कचऱ्याची टोपली होती. टोपलीत चहाचे कप होते.

काटा दुरुस्त करून निघायला साडेतीन वाजले. गाडीत बसताच मी म्हणालो, "काढ फोन. कर स्वीकार."

"मले इथं यायचं हाय."

"डोकं फिरलं का? इथं मुलाखती घ्यायले एक कंपनी येत नाही. तिथं येतात. लोकं नाव विचारतात, नाव!"

हे खोटं नव्हतं. कंपन्या खरंच तिथेच येतात. त्या लॅब बघत नाहीत, गेट बघतात.

"लोकं तुम्हाले विचारतात की मले?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तुरीच्या शेताशेजारी. आवाज चढवणार होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "तुमच्या खिशात सकाळपासून काय वाजून राह्यलं?"

मी बोल्ट काढून तिच्या हातात दिला. का दिला, माहीत नाही. मग सगळं सांगितलं. वही, ५१.६, सुधीर, आणि माझी सहीसुद्धा. सहीचं सांगताना मी रस्त्याकडे बघत होतो.

तिने बोल्ट फिरवून पाहिला.

"म्हणजे तुम्ही मशीन चालवून न पाह्यता सही केली."

"हाव."

"रागात."

"हाव."

"मग मले काहून तसंच करायले लावून राह्यले?"

मी गाडी सुरू केली. सत्तावीस वर्षांपूर्वीची खिडकी माझी होती. तिथे मी तिला उभी करत होतो.

पाचला दहा कमी होते तेव्हा आम्ही आर्णीत चहा पीत होतो. फोन टेबलावर होता. दोघांनीही हात लावला नाही. पाच वाजून गेले. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, हेही लिहून टाकतो.

उरलेल्या जागांमध्ये लहान कॉलेजात सिव्हिलला जागा होती. तिथे नेहमीच असते. तिचा प्रवेश झाला. याडीने पेढ्यांबद्दल अजून मला माफ केलेलं नाही.

सुधीरला मी ठरल्या दिवशी रिपोर्ट नेऊन दिला. कॅलिब्रेशनचे आकडे बरोबर लिहिले. खाली एक ओळ जास्तीची: 'ट्रान्झिट बोल्ट आज काढला. इन्स्टॉलेशनच्या वेळी माझ्याकडून काढायचा राहिला होता. तोपर्यंत या मशीनवर रीडिंग मिळणे शक्य नव्हते.' त्याच्या खाली सही.

सुधीरने ओळ दोनदा वाचली. "ही खोड."

"नाही खोडत."

"सगळं काम जाईल तुझं, विल्या."

"जाऊ दे, सर."

काम गेलं. अमरावतीच्या एका पार्टीला मिळालं. माझ्या त्या ओळीने कॉलेजचं वाकडं झालं असेल असं कोणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. बंडूभाऊंनी नंतर सांगितलं, कमिटी लॅबमध्ये चार मिनिटं होती. मशीन बाहेरून पाहिलं, जर्नलं पाहिली, सगळ्यांचे आकडे सारखे आहेत म्हणून कौतुक केलं. माझी फाइल उघडलीच नाही. मोठ्या कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. रस्त्यावर बॅनर लागलं, सुधीरच्या फोटोसह. त्याच महिन्यात लहान कॉलेजलाही कमिटी आली. त्यांनी शेरा लिहिला, 'उपकरणे जुनी व झिजलेली.' श्रेणी खालची.

यंदा इंगोले मॅडमनी जबड्यांचे दोन नवे संच मागवले. जबडे सळई पकडून पकडूनच झिजतात, दुसरं कारण नाही. मोठ्या कॉलेजचं मशीन बसवताना मी लावलेले जबडे अजून तसेच चकचकीत आहेत, असं अमरावतीची पार्टी सांगते.

लोक मला विचारतात, भाऊ, तुम्ही सगळी कॉलेजं आतून पाहता, पोराला कुठं टाकू? मी म्हणतो, प्रॉस्पेक्टस राहू द्या. लॅबच्या मागे जा आणि भंगाराचा ड्रम बघा. ड्रम रिकामा असेल तर तिथे काही तुटत नाही, म्हणजे काही शिकवतही नाहीत. ऐकतात आणि मोठ्या कॉलेजचा फॉर्म भरतात. मी त्यांना दोष देत नाही. मीही भरला होता.

स्नेहल आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिने माझ्या वर्कशॉपमधल्या काट्यातली चूक काढली आणि ती खरी निघाली. तांड्यावरच्या लग्नात पाहुणे विचारतात, पोरगी कुठं शिकते? मी कॉलेजचं नाव सांगतो. ते म्हणतात, कुठं हाय हे? मग मला जागा समजावून सांगावी लागते आणि मी चिडतो.

मोठ्या कॉलेजच्या गेटला यंदा नवा रंग दिला आहे. तिथून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी होतो. मान वळते. बॅनर वाचून होतं. मग मी गिअर टाकतो.